देवाचा सोनेरी फुगा

४ जून

चि. खडू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पुडकं काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: तुझ्या निळीच्या चित्रकथेचा अकरावा अंक, प्रती दोन, माझ्या चष्म्याला दोरी, एक, भिंगरीसाठी रंगीत पेन्सिली सहा, पैकी हिरवी मोडकी. तिकिटं कमी लावली होतीस म्हणून पोस्टमननं दंड घेतला, त्यात एका दिवसाच्या दुधाचे पैसे गेले. पुढच्या वेळी वजन करून टाक. चित्रं काढणाऱ्याला तराजू वर्ज्य नाही.

लेकीची बदली झाल्यापासून भिंगरी आमच्याकडेच आहे, हे तुला ठाऊक आहे. आठवं सरत आलं तरी अंगातला वारा गेलेला नाही. तुझा अंक आला की ती जेवण विसरते. म्हणून तो आधी मी वाचते, मग तिच्या हाती देते.

निळीचा चेहरा आता माणसासारखा झालाय. पहिल्या अंकांत भोपळा होता. दिवसभर लॉंड्रीत इस्त्री करणारी बाई कुणावर संकट आलं की खांद्यावर निळी चादर बांधून निघते, हे मला आवडलं. देवाला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे त्याहून आवडलं. हल्ली विचारतं कोण?

पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. ती डोळे मिटून ‘जाऊ?’ असं विचारते, आणि चित्राच्या वरच्या कोपऱ्यातून सोनेरी फुगा येतो. त्यात लिहिलेलं असतं, ‘झेप घे. मी आहे.’ खडू, मी देवाशी बोलायला लागले ती मॅट्रिकच्या गणिताच्या पेपराआधी. त्याला आता चाळीस वर्षं होतील. रोज बोलते. एवढ्या वर्षांत त्यानं मला कानाला ऐकू येईल असं एकदाही उत्तर दिलेलं नाही. तुझ्या निळीला अकरा अंकांत तेवीस वेळा दिलं. मी मोजलं.

हसू नकोस. परवा भिंगरी माझ्या कुशीत येऊन म्हणाली, “आजी, मी विचारलं की तो गप्पच बसतो. मी दूध मोरीत ओतते ते त्याला कळलं का?” दूध मोरीत जातं हे मला तेव्हा कळलं. ते एक सोड. पण आठ वर्षांच्या पोरीला वाटावं की देव निळीशी बोलतो आणि आपल्याशी अबोला धरतो, हे मला सोसेना.

मग मी पिठाची खळ केली, जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठी कापल्या आणि तेवीसच्या तेवीस फुगे झाकून टाकले. तिला सांगितलं, उत्तर यायचंय अजून. कुणाच्या तोंडी शब्द घालू नयेत, आणि त्याच्या तर नाहीच नाही.

राग मानू नकोस. बाकी क्षेम.

तुझी
मावशी

*

११ जून

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

राग कसला. पत्र ऑफिसात वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या अक्षरवाल्यांना वाचून दाखवलं. आमच्याकडे एक अंक चार हातांतून जातो. मी पेन्सिलनं काढते, दुसरा शाई फिरवतो, तिसरा रंग भरतो, आणि फुगे सगळ्यांत शेवटी. फुग्यांतली अक्षरं हे अक्षरवाले लिहितात. त्यांना पैसे फुग्यामागे मिळतात. ते म्हणाले, “मावशींना सांगा, झाका खुशाल. फाडू नका म्हणजे झालं.”

संपादकांना मात्र सांगायची सोय नाही. सोनेरी शाईला खर्च जास्त येतो, तरी तेवढी एक चैन ते करतात. म्हणतात, “पोरांना कोरी जागा कळत नाही. प्रश्न विचारला की उत्तर पाहिजे, नाहीतर पुढच्या अंकाला हात कोण लावणार?” आणि पोरं हात लावतात, मावशी. आता वीस हजार प्रती निघतात. चित्रांवर माझं घरभाडं सुटायला लागलंय ते निळीमुळेच.

आता तुझ्यापासून लपवलेलं एक सांगते. गेल्या कित्येक वर्षांत मी स्वतः देवाला काहीच विचारलेलं नाही. भांडण नाही, नुसती सवय सुटली. म्हणून निळीला काढताना मला समोर कुणीतरी हवं होतं, आणि मी तुला ठेवलं. तू कुठल्याही कामाला निघताना अंबाडा घट्ट करतेस, वर भिंत आणि छत मिळतं तिथं बघतेस, ओठ हलवतेस आणि मग पदर खोचतेस. लहानपणी मला वाटायचं, तिथं पाल आहे.

निळी म्हणजे तू आहेस. तुला पटो न पटो.

पेन्सिली यापुढे काडेपेटीत घालून पाठवीन. काकांना नमस्कार, भिंगरीला पापा.

खडू

*

२० जून

चि. खडू हिस,
आशीर्वाद.

माझ्यावरून काढलीस म्हणतेस. मग तिची कंबर कुणावरून काढलीस? मी हे ह्यांना वाचून दाखवलं, तर हे वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बराच वेळ हलत होते.

बारावा अंक मिळाला, तिकिटं बरोबर होती. यात निळी मनोऱ्यावरून झेप घेते आणि वारा तिला उचलून धरतो. चित्र चांगलं आहे. चादर फुगलेली तर अशी की हात लावावा. फुगे तीन होते, तिन्ही झाकले. बिलांचे कागद संपले म्हणून वाण्याच्या पुड्यांचा पातळ कागद वापरला. भिंगरी खळीचं भांडं धरून शेजारीच बसली होती. “खाली काय लिहिलंय?” म्हणून चार वेळा विचारलं. मी म्हटलं, “आपलं काम नाही.”

तू विचारत नाहीस, ते तुझं तू बघ. मी त्यावर प्रवचन देणार नाही. तुझ्या वाटचं मी विचारत असते, त्याला काही जास्तीचा वेळ लागत नाही.

मावशी

*

३ जुलै

चि. खडू हिस,
आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. यापुढे निळीचा अंक पाठवू नकोस. आलाच तर परत करीन.

मावशी

*

८ जुलै

ती. मावशीस,
सा. न.

दोन ओळींचं पत्र तू मला आजवर लिहिलेलं नाहीस. आई गेली तेव्हासुद्धा चार पानं लिहिली होतीस, त्यात दोन पानं रॉकेल कुठं स्वस्त मिळतं यावर.

म्हणजे मी विचारत नाही असं लिहिलं, ते तुला लागलं. देव मानत नाही अशा पोरीनं देवाच्या बाईची चित्रं काढून भाडं भरावं, हे तुला खपलं नाही, असंच ना? मग तसं सरळ लिही. झाकायला खळ वापरतेस ती पुस्तकांपुरती ठेव. माझ्याशी बोलताना नको.

मला वाईट वाटलंय, म्हणून जरा जास्त लिहिलं गेलं असेल. पण तुला कळावं म्हणून सांगते, तेरावा अंक सगळ्यांत मोठा आहे. निळी पुलावरून झेप घेते, आठ फुगे आहेत, आणि शेवटचं अख्खं पान संपादकांनी वाचकांसाठी ठेवलंय. सोनेरी पानावर मोठ्या अक्षरांत: ‘तुम्हीही डोळे मिटून विचारा. तो म्हणेल, झेप घे.’ वीस तारखेला छापायला जातोय. तुला पाठवणार नाही. परत यायचा खर्च कशाला?

खडू

*

१३ जुलै

चि. खडू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू समजलीस ते सगळं चूक आहे. पण ती चूक माझ्या दोन ओळींनी करवली. लिहिणार नव्हते. तुझ्या जिवाला घोर लागेल म्हणून नव्हते लिहिणार. पण तुझं शेवटच्या पानाचं वाचलं, म्हणून लिहिते. भिंगरी धडधाकट आहे, समोर बसून हिरव्या पेन्सिलीला टोक करतेय, हे आधी वाच आणि मग पुढचं.

२९ जूनची दुपार. हे झोपले होते. मी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेले, तर माझी निळी चादर दोरीवर नाही. चिमटे खाली पडलेले. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिला लोखंडी शिडी, एकोणीस पायऱ्या. सहज वर बघितलं. भिंगरी टाकीच्या कडेला उभी होती. चादर गळ्याशी बांधलेली, डोळे मिटलेले.

मी हाक मारली नाही. मारली असती तर दचकून वळली असती. ह्यांना उठवायला खाली जायचं, तर पोरीवरची नजर काढावी लागली असती. चपला काढल्या, पदर खोचला. ‘जाऊ?’ म्हटलं. उत्तर नाही आलं. पुढची पायरी तेवढी दिसत होती. ती धरली.

वर पोचून तिच्या घोट्याला हात घातला तेव्हा तिनं डोळे उघडले.

“आजी? तू कशी आलीस?”

“शिडीनं. तू काय करतेयस?”

“मांजर अडकलं होतं. त्याला वाचवायला आले.”

“कुठाय मांजर?”

“ते गेलं पाइपावरून. त्यानं विचारलंच नाही कुणाला.”

“मग तू का नाही उतरलीस?”

“मी विचारलंय ना. उत्तर आलं की झेप घेणार. कागदाखाली तसंच लिहिलंय. मी अंक खिडकीशी धरून वाचलं.”

वाण्याचा पातळ कागद, खडू. चार पैसे वाचवायला लावलेला. झाकलं म्हणजे भागलं असं मला वाटलं होतं.

मी तिला खाली बसवलं आणि मीही बसले. विचारलं, कधीपासून उभी आहेस? म्हणाली, शाळेतून आल्यापासून. म्हणजे तासभर तरी. मग तिनंच हळूच विचारलं, “आजी, उत्तर आलंच नाही तर नाही ना जायचं?”

“नाही जायचं.”

“बरं झालं. मला भीती वाटत होती.”

मी तिच्या गळ्याची चादरीची गाठ सोडली. काही वेळानं दोघी उतरलो.

ती एक तास थांबली, कारण तिला उत्तर ऐकू आलं नाही. एखाद्या पोराला वाटलं असतं, की आलं. पोरांना काय, हवं ते ऐकू येतं. भिंगरीला मी होते. तुझी वीस हजार पुस्तकं ज्या घरांत जातात तिथं दर गच्चीवर त्याच वेळी कुणी कपडे काढायला येणार आहे का? वीस तारखेच्या आत काहीतरी कर.

तुझ्यावर राग नाही. कधीच नव्हता.

मावशी

ता. क. तुझ्या मावशीनं लिहिलं नाही ते मी लिहितो. सरकत्या जिन्याकडे बघून जिचे पाय लटपटतात, आणि स्टुलावर चढून दिवा बदलायला जी मला उठवते, ती ही बाई. उतरताना गुडघा मुरगळला. दोन आठवडे खाटेवर आहे, हे पत्र पडूनच लिहिलंय. उद्या पट्टी निघेल. तिला कळू न देता पाकीट चिकटवतो.
काका

*

१६ जुलै

मावशी,

पत्र आत्ता, सकाळच्या टपालानं आलं. ऑफिसात गेले तर अंकाची छपाईची फिल्म कालच छापखान्यात गेलेली. पाच दिवस आधी, संपादकांनी काम अलीकडे ओढलं. मी तिकडेच निघालेय. हे बसथांब्यावर लिहितेय, अक्षर बघू नकोस.

माझं म्हणणं ऐकलं नाही तर निळी मी यापुढे काढणार नाही. भाड्याचं बघता येईल.

भिंगरीला जवळ घे. तुझा गुडघा कसा आहे ते मला काकांकडून कळतं, ही लाज आहे.

खडू

*

२३ जुलै

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

थांबला अंक. म्हणजे निघाला, पण तो नव्हे. आता सगळं सांगते.

छापखान्यात पोचले तेव्हा संपादक यंत्राशेजारी उभे राहून सोनेरी शाईचा डबा उघडत होते. मी म्हटलं, शेवटचं पान छापू नका. ते म्हणाले, “वेड लागलंय का? कागद कापून तयार आहे.” मी समजावलं, ते हसले. म्हणाले, “पोरं वाघाची गोष्ट वाचून वाघ होत नाहीत.” तुझं पत्र पर्समध्ये होतं, ते काढून वाचायला लागले. यंत्राच्या आवाजात ओरडून वाचावं लागलं. ‘मला भीती वाटत होती’ इथं यंत्रवाल्यानं यंत्र बंद केलं.

वाचून झालं तेव्हा संपादकांनी विचारलं, “चादर खरंच निळी होती?”

“होती.”

“माझ्या घराला चौथ्या मजल्यावर गच्ची आहे,” ते म्हणाले. छापखान्याच्या फोनवरून त्यांनी घरी फोन लावला आणि गच्चीला कुलूप घालायला सांगितलं. दोनदा सांगितलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “खरवडा.”

फिल्मवरची अक्षरं ब्लेडनं खरवडून काढता येतात. हात हलका लागतो, नाहीतर चित्रच जातं. अक्षरवाल्यांना बोलावलं. ते आठही फुगे स्वतःच्या हातानं कोरे करत बसले. मधेच मान वर करून म्हणाले, “लिहायचे पैसे फुग्यामागे मिळतात. पुसायचा भाव काय, ते एकदा ठरवून टाका.” संपादक म्हणाले, “तोच.” मी त्यांना इतक्या पटकन कशाला हो म्हणताना पाहिलं नव्हतं.

झेपेचं पान मी तिथंच, मोजणीच्या टेबलावर बसून नव्यानं काढलं. निळी विचारते, वर बघते, फुगा कोरा. मग ती आजूबाजूला बघते, आणि रंगाऱ्यांची शिडी ओढून आणून पुलाला लावते. संपादक खांद्यावरून बघत होते. म्हणाले, “शिडी लावणारी नायिका घेणार कोण?” यंत्रवाला म्हणाला, “मी घेईन, मला दोन पोरं आहेत.” शेवटच्या पानावर आता जुन्या अंकांची यादी आहे. सोनेरी.

काल अंक दुकानांत गेला. आज एका गृहस्थाचं पत्र हातोहात आलं, की आमच्या प्रतीत आठ फुगे छापायचे राहिलेत, बदलून द्या. संपादकांनी स्वतः उत्तर लिहिलं, ‘राहिलेले नाहीत.’ बस्स, तेवढंच.

आणखी एक. त्या दिवशी बसमध्ये मी विचारलं. ‘वेळेत पोचेन ना?’ एवढंच. उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांनी एकदम कामापुरतं दार वाजवलं म्हणून मीच ओशाळले. पण बस वेळेत पोचली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा काल मी दुपारी झोपले.

तीन प्रती वेगळ्या पाठवतेय. वजन करून.

खडू

*

३० जुलै

चि. खडू हिस,
अनेक आशीर्वाद.

तेरावा अंक, प्रती तीन, बुधवारी मिळाल्या. दंड नाही. उलट तिकीट एक जास्त होतं, शिक्का नीट बसला नव्हता म्हणून मी सोडवून ठेवलंय. हे म्हणाले, तो गुन्हा आहे. ते तिकीट या पाकिटाला लावलेलं नाही, निश्चिंत राहा.

तुझं पत्र वाचून मी उठून पाणी प्याले. मग पुन्हा वाचलं. गेला महिनाभर छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं, तो उतरला. भात करपला, पण तक्रार कुणी केली नाही. तुमच्या संपादकांना माझा नमस्कार सांग. कुलूप घातलं, पण किल्ली कुठं ठेवलीय ते विचार. पोरांना किल्ल्या सापडतात.

पट्टी निघाली. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, एरवी चालते. टाकीच्या शिडीच्या खालच्या सहा पायऱ्या घरमालकानं कापून टाकल्या. आधी खर्चाचं रडत होता. मी त्याला गच्चीवर नेऊन नुसतं उभं केलं.

भिंगरीनं अंक जमिनीवर पालथं पडून वाचला. कागद कुठं चिकटवलेला नाही ना, म्हणून प्रत्येक फुग्यावर नख फिरवून बघितलं. मग म्हणाली, “निळीलापण नाही ऐकू येत?” मी म्हटलं, नाही. “मग ती आपल्यातलीच आहे,” म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा दूध सरळ प्याली. मोरीत बघून आले, कोरडी होती.

निळी बंद करू नकोस. भाड्यासाठी नव्हे, पोरीला ती लागते म्हणून. आणि मलाही वाचायला दुसरं काही बरं मिळत नाही.

त्या दिवशीचं चढण्याचं मी तुला लिहिलं, उतरण्याचं टाळलं. आता जीव थाऱ्यावर आहे, तर लिहिते. चढणं काहीच नव्हतं. चढताना डोळ्यांना पुढचं दिसतं. उतरताना पाय मागं टाकायचा आणि खाली बघायचं नाही, कारण बघितलं तर चक्कर. मी खाली, भिंगरी वर, माझ्या दोन हातांच्या मध्ये. पाय हवेत सोडल्यापासून तो लोखंडाला लागेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ माझ्याकडे काही नसायचं. ती प्रत्येक वेळी वरून विचारायची, “आजी, पायरी आहे?” आणि मी म्हणायचे, “आहे.” पाय लागायच्या आधीच म्हणायचे, नाहीतर ती घाबरली असती. एकोणीस वेळा विचारलं, एकोणीस वेळा म्हटलं. शेवटून तिसरीला गुडघा गेला, तेव्हासुद्धा म्हटलं.

वर जाणारी बाई कुणीही काढील. पुढच्या अंकात तू निळीला पोर घेऊन उतरताना काढ. एक पाय मागं सोडलेला, आणि पायरी अजून लागलेली नाही, तेवढाच क्षण. चेहरा कसा काढायचा ते मला सांगता येणार नाही, तेव्हा माझा मला दिसत नव्हता. तुझ्या हाताला जमेल का, ते परतीच्या टपालानं कळव.

तुझी
मावशी